शौर्यच्या नावावरचं माप

मी वाचायला शिकले ती पुस्तकांवर नाही, पत्रकांवर. आमच्या खामगावच्या घरात पुस्तकं चार-दोनच होती, पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. आई ब्लाउज शिवायची आणि उरलेल्या वेळात बायकांच्या मंडळासाठी पत्रकं लिहायची. का पत्रकं लिहायची आणि उरलेल्या वेळात ब्लाउज शिवायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शिलाई मशीनच्या एका बाजूला कापडाचे तुकडे, दुसऱ्या बाजूला छापून आलेले गठ्ठे, आणि मधे फरशीवर मी घड्या घालत बसलेली. मी वाचलेला पहिला शब्द ‘जाहीर’ होता. दुसरीत असताना मला सातचा पाढा येत नव्हता, पण वडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा किती, हे कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं. आई पत्रकात अगदी पुस्तकी मराठी लिहायची आणि बोलायला लागली की आमची वऱ्हाडी. “समे, घडी सरळ घाल. वाकडा कागद कोणी वाचत नाई,” असं ती म्हणायची. माझं नाव समता. ते कोणी ठेवलं हे सांगायला नको.

घराला लागूनच बाबांचं गॅरेज. मधे एक दार होतं, ते कधी बंद झालेलं मला आठवत नाही. त्यामुळे इकडे मशीनची खडखड आणि तिकडे कॉम्प्रेसरचा धडधडाट ऐकतच आम्ही जेवायचो, भांडायचो, अभ्यास करायचो. दिवाळी झाली की त्यात पलीकडच्या कापसाच्या जिनिंगची घरघर मिसळायची, ती पार होळीपर्यंत. त्या महिन्यांत हवेत कापसाचे तंतू तरंगत असत आणि बाबांनी कशाला रंग दिला की नेमके त्यावर जाऊन बसत. ओल्या लाल रंगावर पांढरी लव उगवली की बाबा एका हाताने ती चिमट्याने उचलत आणि दुसऱ्या हाताने भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत. जेवायला बसून काम थांबवायचं, ही पद्धत त्यांना मान्यच नव्हती.

बाबांचं घराणं भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. काका अजूनही वांगी, कोथिंबीर, पालक करतो. बाबा मोटरसायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. मी दहावीत असताना एका ठेकेदाराने टेम्पोत घालून एक मोडकी गाडी आणली. चार जाड, खाचांची चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, आणि सगळा मिळून आकार मोठ्या शेळीएवढा. लहान मुलांनी शेतात, पांदीत, ढेकळांतून चालवायची बॅटरीवरची एटीव्ही. ठेकेदाराच्या पोराने ती दोन दिवसांत विहिरीच्या कठड्यावर घातली होती. बाबांनी ती खोलली, आठ दिवस उघडीच ठेवली आणि मग म्हणाले, “गाडीत काई दोष नाई. पोट्ट्याचा हात ब्रेकपर्यंत पुरतच नोता.” त्यांनी ब्रेकचा दांडा वाकवून जवळ आणला, पाय ठेवायच्या पट्टीवर लाकडी ठोकळे बसवले आणि गाडी परत दिली. ती बातमी पसरली. मग दिल्लीहून खोक्यांत सुटे भाग यायला लागले आणि वर्षभरात फवारणीचे पंप गॅरेजच्या कोपऱ्यात गेले. लोक त्या गाड्यांना ‘चार चाकांची फटफटी’ म्हणत. घेणारे कोण? ज्यांच्याकडे शेत मोठं आणि नातू एकच, असे. आई नाक मुरडायची. “हे मोठ्या घरचे लाड,” म्हणायची. बाबा म्हणायचे, “लाड मोठ्यायचे असतीन, हाडं लेकराची असतात.”

बाबांची एक पद्धत होती आणि ती पद्धत म्हणजेच आमचं दुकान होतं. ते आधी गाडी दाखवत नसत. आधी माप. त्यांनी आईच्याच कपाटातली टेप आणली होती आणि एक लाकडी घोडा बनवला होता. त्याला सीट, हँडल, पायपट्ट्या, सगळं मागेपुढे सरकणारं. मुलाला अनवाणी त्यावर बसवायचं. पाय पट्टीवर सपाट टेकतात का, गुडघा वाकलेला राहतो का, उभं राहिल्यावर सीट आणि ढुंगण यांच्यात चार बोटं जागा उरते का, अंगठा अ‍ॅक्सिलरेटरच्या खटक्यावर सहज जातो का. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं : हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि बघायचं, की लांब गेलेल्या मुठीवरचा हात अजून सैल आहे का ताणला गेला. ताणला गेला तर गाडी मोठी. कारण वळणावर हात ताणला की मूल मूठ सुटू नये म्हणून आवळून धरतं, आवळताना अंगठा खटक्यावर दाबला जातो, आणि जिथे गाडी हळू व्हायला हवी तिथेच ती उसळते. हे मला बाबांनी इतक्यांदा सांगितलं होतं की मी स्वप्नातही हँडल वळवून बघायची.

आणि रोजचा झगडा एकच. आमच्याकडे शाळेचा गणवेश, चपला, स्वेटर, सगळं वाढत्या अंगाचं घेतात. बाह्या दुमडून दोन वर्षं, सरळ करून दोन वर्षं. गाडीही लोक तशीच मागायचे. “जराशी मोठीच द्या, पोट्टं वाढतच हाय.” बाबा हातातलं काम ठेवून सांगायचे, “कपड्यात माया सोडता येते भाऊ. गाडीत नाई सोडता येत. आजच्या लेकराले आजची गाडी. वाढलं की घेऊन या, मी सीट वर करून देतो.” काही ऐकत, काही रागाने उठून जात. मी अकरावीत गेले त्या उन्हाळ्यात यावर माझं पहिलं पत्रक लिहिलं. आईने दोन जागी खोडलं, तेवढंच. पिवळ्या कागदावर काळी शाई. ‘पालकांना जाहीर विनंती. माप मुलाचे घ्या, आपल्या हौसेचे नव्हे. जे माप मुलाचे नाही, ते त्याच्यावर लादणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.’ खाली सहा मापं, चित्रांसकट. तो गठ्ठा छापून आला त्या दिवशी आईने वांग्याचं भरीत केलं होतं आणि मी एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने माझंच पत्रक पुन्हा पुन्हा वाचत होते. आजही ते माझ्याकडे आहे. त्यातला एक शब्दही मला बदलावासा वाटत नाही. पुढे जे झालं ते त्या पत्रकातल्या चुकीमुळे झालं नाही. ते माझ्यामुळे झालं.

आप्पासाहेब देऊळघाटचे. गावात त्यांचं शेत कुठे संपतं हे विचारलं तर लोक हात नुसता लांब करत. उंच माणूस, पांढरी टोपी, आवाज शेतातल्या माणसाचा, म्हणजे खोलीत बसून बोलले तरी शेताच्या पलीकडच्या बांधावर, धुऱ्यावर, ऐकू जाईल असा. दिवाळीनंतर ते गॅरेजमध्ये आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, “नातवाचा वाढदिवस हाय. सहा पुरे होऊन राह्यले. एक नंबर गाडी पायजे, आन मोठी पायजे. बारा वर्षाचा होईस्तोर चालली पायजे.” बाबांनी त्यांचं नेहमीचं सांगितलं. मी माझं पिवळं पत्रक हातात दिलं. आप्पासाहेबांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. हे मी त्यांच्या बाजूने आधीच सांगून ठेवते, की माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारे ते पहिलेच गिऱ्हाईक होते.

“कोनं लिव्हलं?”

“मी.”

“बरं लिव्हलं. पटलं आपल्याले. त्याच्या मापाची करा.” मग बाबांकडे वळून, “पन पोराले इथी आनता येनार नाई. बोथ्याच्या घाटात त्याले उलट्या होतात. बुलढाण्याहून खाली उतरता उतरता तीनदा गाडी थांबवा लागते.”

म्हणून ठरलं की मी टेप घेऊन देऊळघाटला जायचं. घोड्याशिवाय माप घेऊ द्यायची बाबांची पहिलीच वेळ, पण मी शंभर मुलांना घोड्यावर बसवलंय असा माझा तोरा होता आणि त्यांनाही मी घेतलेलं माप त्यांनी घेतलेल्या मापासारखंच वाटायचं.

आप्पासाहेबांच्या घरी शौर्य माझी वाटच बघत होता. बारीक, मोठ्या कानांचा, सारखा हलणारा मुलगा. त्याला मी ओसरीवर उलट्या पाटावर बसवलं, समोर केरसुणीचा दांडा आडवा धरायला दिला आणि मापं घेतली. त्याने मला विचारलं की गाडी चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं, तेव्हा मी त्याला अंगठ्याने हळूहळू दाबून सोडायला शिकवलं. “रोज करजो,” मी म्हटलं. “हाव,” तो म्हणाला आणि तिथेच दांड्यावर सुरू झाला.

त्याची बहीण ईश्वरी खांबाला टेकून उभी होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, कपाळावर आलेले केस फुंकरीने उडवायची सवय. तिने सगळं बघितलं, मग विचारलं, “बॅटरी कोनती हाय? किती येळ चालते? चिखलात फसली तं रिव्हर्स हाय का?” शौर्यने यातलं काहीच विचारलं नव्हतं. मी आप्पासाहेबांना म्हटलं, “आप्पासाहेब, हिचं पण माप घेऊ का?”

ते मनापासून हसले. “तिले सायकल हाय ना.”

“सायकल शौर्यलाही आहे.”

“अवं बाई, थे पोट्टी हाय. पडली, तोंडावर डाग राह्यला, तं उद्या पाहुने काय म्हनतीन?”

बोलणं तिथेच संपलं. ते रागाने बोलले नव्हते. वाईट हेतूने तर नाहीच. ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवूनच बोलले. पण माझं डोकं तापलं. बाबांच्या मापांच्या वहीत तोवर पानं भरून नावं होती आणि त्यात एकही मुलीचं नव्हतं. ते मला रोज दिसत होतं आणि त्या ओसरीवर ते पहिल्यांदा आवाज करून बोललं. आप्पासाहेब चहाचं सांगायला आत गेले तेव्हा मी ईश्वरीला म्हटलं, “बस पाटावर.” तिने काही विचारलं नाही. मी तिची सहाही मापं घेतली. आणि बुलढाण्याहून खामगावला येणाऱ्या एसटीत, बोथ्याच्या वळणांवर, पेन हलत असताना, मी बाबांसाठी चिठ्ठी लिहिली. मापं ईश्वरीची. वर नाव शौर्यचं.

माझा हिशेब साधा होता, आणि मला तो फार हुशारीचा वाटत होता. गाडी मोठी झाली की शौर्यला ती बसणार नाही. घरात ती ज्याला बसते ते मूल एकच. मग आजोबा बोंबलले तरी गाडीच बोलेल, माझ्यावर कोण बसतं ते. भाषण नको, भांडण नको. मी आईच्या पत्रकांपेक्षाही पुढे गेले आहे असं मला त्या दिवशी वाटलं. सतरा वर्षांच्या मुलीला असं वाटणं सोपं असतं. मी आज तिला फार हसत नाही. तिच्या मनात जे पेटलं होतं ते खरंच होतं.

बाबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला. “सहा वर्षाच्या पोट्ट्याचा हात येवढा लांब?”

“घराणं उंच आहे त्यांचं,” मी म्हटलं.

मी बाबांशी खोटं बोलल्याचं मला आठवत असलेलं हे एकमेव वाक्य. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू घेतलं ना माप? मंग झालं.” पुढचे बारा दिवस ते त्या गाडीवर राबले. मोठ्या सांगाड्याची गाडी निवडली. खटक्याखालचा स्क्रू आत घालून वेग चालण्याइतका कमी ठेवला. पायाच्या बाजूला लोखंडी पाइप वाकवून आडोसे लावले, म्हणजे पाय घसरून चाकाखाली जाऊ नये. मागे उंच काठीवर केशरी झेंडी, तुरीत गाडी गेली तरी दिसावी म्हणून. आणि पहिल्या दिवसासाठी त्यांची स्वतःची युक्ती : एक लांब दोरी, तिचं एक टोक गाडीच्या स्विचला, दुसरं मागे चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात. दोरी ओढली की गाडी जागेवर बंद. रंग आईला विचारून निवडला, पारिजातकाच्या देठाचा. तंतू चिमट्याने काढायला मीच बसत होते. एकेक पांढरा धागा उचलताना मला आनंद होत होता, हे लिहायला आज लाज वाटते. पण होत होता.

वाढदिवस शेतात होता. सोयाबीन निघालेलं, जमीन मोकळी, थंडीचं ऊन. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजले जात होते आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. तिचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. पन्नास-साठ माणसं असतील. बाबा टेम्पोतून उतरले तेच फक्कीची पिशवी घेऊन शेताच्या मधोमध गेले, गाडी फिरवायची वाट पांढऱ्या रेघांनी आखायला. कडेला जुने टायर लावायला त्यांनी चार माणसं सोबत घेतली. मला म्हणाले, “मी येईस्तोर कोणाले बसवू नोको.”

शौर्य धावत आला. डोक्यात हेल्मेट होतं. त्याची आई हसत म्हणाली, “चार दिवसांपासून हेल्मेट घालूनच जेवून राह्यला.” त्याने माझ्यासमोर उजवा अंगठा नाचवला. “समताताई, मी रोज केलं. केरसुणीवर. हे पाय. हळू दाबाचं, हळू सोडाचं.” आणि त्याने हवेत करून दाखवलं. अगदी बरोबर. मी शिकवल्यापेक्षाही बरोबर.

मी चिठ्ठी लिहिली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ईश्वरी होती, आप्पासाहेब होते, आई होती, मी होते. हा मुलगा नव्हता. त्या सगळ्या हिशेबात तो नुसता गाडीवर न बसणारा एक आकडा होता. आता तो अंगठा हलवत माझ्यासमोर उभा होता.

आप्पासाहेबांना धीर कुठला. गाडीला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला आणि त्यांनी नातवाला उचलून सीटवर ठेवलंसुद्धा. “आप्पासाहेब, बाबा येऊ द्या,” मी म्हटलं.

“अवं एक चक्कर इथल्या इथी. फोटो तं काढू द्या! तू हाय ना दोरी धराले.”

किल्ली फिरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरी हातात घेतली आणि शौर्यच्या बाजूला गुडघ्यावर बसले. त्याचे पाय पट्टीवर टेकत नव्हते, बोटं नुसती शिवत होती. मी स्विच बंद केला आणि म्हटलं, “शौर्य, हँडल डावीकडे वळव. पूर्ण.” त्याने वळवलं. त्याचा उजवा हात लांब गेला, खांदा पुढे ओढला गेला, आणि मूठ सुटू नये म्हणून त्या शहाण्या मुलाने ती घट्ट आवळली. अंगठा खटक्यावर गच्च बसला. स्विच चालू असता तर गाडी तिथून सुटली असती, आणि समोर दहा पावलांवर रोडग्यांचा आर होता.

मी उभी राहिले. “ही गाडी शौर्यची नाही,” मी म्हटलं.

“मंग कोनाची, माही?” आप्पासाहेब म्हणाले आणि सगळे हसले. कोणीतरी मागून ओरडलं, “आप्पा, बसून पाहा, झेंडी तं शोभते तुमाले!” पुन्हा हशा.

“मी माप खोटं लिहिलं. ईश्वरीचं माप घेतलं आणि वर शौर्यचं नाव टाकलं. मुद्दाम. याला ही गाडी मोठी आहे. हा वळणावर पडेल.”

हशा थांबायला वेळ लागला, कारण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं; ते एकमेकांना विचारत होते. मी ते पुन्हा सांगितलं, मोठ्याने. पत्रक वाचावं तसं. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला नाही, तो बंद झाला. “काऊन?” एवढंच विचारलं त्यांनी. मी कारण सांगितलं, पण ते सांगताना मला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. चूक एका माणसाची आणि गाडीवर बसवलं दुसऱ्याला, तेही सहा वर्षांच्या. माझ्याच पत्रकातलं वाक्य होतं ते, जे माप मुलाचं नाही ते त्याच्यावर लादणं. मी ते छापलं होतं आणि मीच ते केलं होतं.

बाबा तोवर आले. हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांना दोन वाक्यांत कोणीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शौर्यला खाली उतरवलं, किल्ली काढली आणि आप्पासाहेबांना म्हणाले, “गाडी माह्या दुकानातून आली. चूक माही. आठ दिवसांत याच्या मापाची आणून देतो. हे मी घेऊन जातो.”

शौर्य रडायला लागला. तोंडातून आवाजच न येता आधी नुसते ओठ हलले, मग आवाज आला. त्याची आई त्याला उचलून घेऊन गेली. हेल्मेट त्याने काढू दिलं नाही.

मग ईश्वरी आली. मला वाटलं होतं की निदान हिला तरी काही वाटेल. ती माझ्यापुढे उभी राहिली, कपाळावरचे केस फुंकरीने उडवले आणि म्हणाली, “तुमी मले विचारलं का? मले माही पायजे होती. त्याची नोको होती.” तिने ते सगळ्यांसमोर म्हटलं. तिच्या आजोबांनीही ऐकलं. तिला भीती वाटत नव्हती. जे मी ओसरीवर एकदा विचारून, एका हसण्यावर सोडून दिलं, ते ही नऊ वर्षांची मुलगी आजोबांच्या तोंडासमोर बोलली आणि मग रोडग्यांच्या पंगतीकडे निघून गेली.

आम्हाला कोणी जेवायला थांबा म्हटलं नाही. म्हणजे आप्पासाहेबांच्या सुनेने पानात रोडगे आणि भाजी बांधून टेम्पोत ठेवली, पण थांबा कोणी म्हटलं नाही. बुलढाणा गेलं, घाट सुरू झाला. मागे केशरी झेंडी वाऱ्यात फडफडत होती. मी वाट बघत होते की बाबा मला ओरडतील, म्हणजे मलाही बोलता येईल, माझ्या बाजूचं सांगता येईल. त्यांनी एका वळणावर टेम्पो कडेला घेतला, रोडगे सोडले, एक फोडून त्यातला अर्धा माझ्या हातात दिला. वरून भाजीचा रस्सा पानातूनच ओतला. आम्ही खाल्लं.

“उद्या परत जा,” बाबा म्हणाले. “पोराचं माप नव्यानं घेऊन ये. आन पोरीचं बी, तिले विचारून.”

“मी जाऊ?”

“मंग कोण जाईन?”

“पण आप्पासाहेबांनी एकाचंच सांगितलं आहे.”

“समे, तुहं म्हणणं खोटं नोतं. तू थे चोरून केलं. चोरून केलं म्हून थे पोट्ट्याच्या अंगावर आलं असतं.” बाबांनी हात पुसले. “गाडी माग. तोंडानं माग. नाई म्हनले तं नाई म्हनले. पुन्हा माग.”

घरी आईला मीच सांगितलं. ती मशीनवर होती. तिने पाय थांबवला, सगळं ऐकलं आणि म्हणाली, “पत्रकाच्या खाली आपण आपलं नाव काऊन टाकतो, ठाऊक हाय ना? उत्तर द्याले आपण सापडलो पायजे.” आणि मशीन पुन्हा सुरू केली. मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्या प्रत्येकाखाली माझं पूर्ण नाव आणि गाव आहे. लोक भांडायला येतात. येऊ देते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. देऊळघाटच्या फाट्यावर उतरून चालत त्यांच्या फाटकाशी पोचले तेव्हा आप्पासाहेब ओसरीवर तूर निवडत बसले होते. मला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, पण उठले नाहीत. मी चपला काढल्या, पायरीवर उभी राहिले आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून म्हटलं, “शौर्यची माफी मागायला आले. त्याचं माप घ्यायला आले. आणि ईश्वरीसाठी गाडी मागायला आले. वेगळी. तिच्या नावाची.”

“लय आगाऊ पोट्टी हाय तू.”

“हाव.”

त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला. “बस. चहा घे आधी. मंग भांडू.”

शौर्य दाराआडून बघत होता. मी त्याची माफी मागितली. त्याने विचारलं, “किती दिवस?” मी म्हटलं, “आठ.” त्याने बोटं मोजली आणि त्याच्या बाजूने विषय संपवला. मग आम्ही खरंच भांडलो, मी आणि आप्पासाहेब. चहा दोनदा झाला. त्यांनी गावाचं सांगितलं, लोकांचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं. मी वहीतल्या पोरांच्या नावांचं सांगितलं. त्यांनी सांगितलं की त्यांच्या बहिणीला विहिरीवर पडून हनुवटीला खोक पडली होती आणि त्या एका खुणेपायी तिचं लग्न तीनदा मोडलं. ते सांगताना त्यांचा तो शेतातला आवाज खाली आला होता. मला ते माहीत नव्हतं. पण मी मागणं मागे घेतलं नाही.

“आन पडली तं?” ते म्हणाले. “तू सांग. पडली तं काय करू मी?”

“काल शौर्य पडला असता तर काय केलं असतं?”

“काय केलं असतं म्हंजे? उचललं असतं.”

“मग तिलेही उचला.”

आप्पासाहेबांनी सूप मांडीवर ओढलं. दोन-चार खडे वेचून अंगणात टाकले. मग मान न वळवता, त्या पलीकडच्या धुऱ्यावर ऐकू जाणाऱ्या आवाजात त्यांनी घरात हाक मारली. हाक शौर्यला नव्हती.